दुसरी ओळ कोण म्हणत होतं

पहिल्यांदा वास आला. कापूस जळाल्यासारखा, पण थोडा गोडसर. ऊन तापायला लागलं होतं. चिखलीतल्या आमच्या घरात मी पडदा ओढून वाचत बसले होते. उठून स्वयंपाकघरात पाहिलं, गॅस बंद होता. परत येऊन बसले आणि पोटातून भीती वर चढली. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात खड्डा पडतो ना, तशी. मग जाणवलं की माझ्या डाव्या खांद्यामागे कोणीतरी उभं आहे.

मी वळले नाही. वळता येत नव्हतं असं नाही, वळू नये असं वाटत होतं. समोरच्या ओळीचा पहिला भाग मी वाचला होता. दुसरा भाग वाचायच्या आधीच तो मागून कोणीतरी म्हटला. सावकाश, समजावून सांगितल्यासारखा. मी डोळे खाली नेले तर पुस्तकात तेच शब्द होते.

आज हे सांगताना मला भीती वाटत नाही. तेव्हा मात्र कितीतरी दिवस मी हे कोणाजवळ बोलले नाही. आपल्याकडे अशा गोष्टीला दोनच नावं मिळतात. एक तर देवाचं, नाही तर बाहेरचं. दवाखान्याचं नाव सगळ्यात शेवटी येतं. ज्यांच्या घरात कोणाला असं होत असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

शनिवारचा वर्ग

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. आमचं घर आजेसासऱ्यांच्या काळापासून ख्रिस्ती. नवरा सुधाकर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मुलगी नर्सिंग शिकायला बाहेरगावी. ती गेल्यावर घर रिकामं वाटायला लागलं, म्हणून मी घरबसल्या करायच्या एका धर्मशिक्षणाच्या अभ्यासक्रमात नाव घातलं. त्या वर्षी विषय होता हिब्रू शास्त्रातलं, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातलं, काव्य आणि ज्ञानसाहित्य.

शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची. दुपारी चर्चच्या ओसरीत आम्ही चार बाया चटया टाकून बसायचो. शिकवायला एक निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, यायचे, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आपल्या ओवीत आवाज जुळते. इथं विचार जुळते. एक गोष्ट म्हणाची, मंग तीच गोष्ट जराशी वळवून पुन्हा म्हणाची. पहिली ओळ दार ठोठावते, दुसरी उघडते."

मग ते पहिला अर्धा भाग वाचायचे आणि दुसरा आम्ही ओळखायचा. मराठी शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली, पण कवितेची इतकी गंमत मला कधी वाटली नव्हती. आणि त्यात काय नव्हतं? देवाशी भांडणारी माणसं होती. सगळं वाफेसारखं उडून जातं म्हणणारा एक थकलेला शहाणा होता. बाजाराच्या तोंडाशी उभी राहून लोकांना हाका मारणारी बाई होती, तिचं नाव ज्ञान. नवरा-नवरीची गाणी होती. ती आली की आमच्यातल्या कमलताई पदर तोंडाला लावायच्या आणि गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

आणि एक माणूस होता, ज्याचं काहीही चुकलं नसताना सगळं गेलं. तो राखेत बसलेला आणि त्याचे मित्र त्याला समजवायला आलेले. त्यातला एक मित्र आपला एक अनुभव सांगतो. तोंडासमोरून काहीतरी गेलं, अंगावरचे केस उभे राहिले, समोर एक आकार थांबला पण ओळखू आला नाही, आणि मग आवाज आला.

हा भाग आम्ही वाचला त्या शनिवारी मी तो मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून वाचला. वास, भीती, मागे उभं असणारं कोणीतरी, हे तोपर्यंत मला कितीतरी वेळा होऊन गेलं होतं. नेहमी भर उजेडात. कधी भाजी निवडताना, कधी वह्या तपासताना. वाचत असले तर ते दुसरी ओळ म्हणायचं. वाचत नसले तर नुसतं उभं राहायचं. मिनिटभर टिकायचं. मग मी आपोआप ओठ चाटत असायची, अंग गळून गेलेलं असायचं, आणि थोडा वेळ आपण कुठल्या खोलीत आहोत तेही कळायचं नाही.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी कमलताईंना सांगितलं. त्या आमच्यातल्या सगळ्यात प्रार्थना करणाऱ्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळे भरून आले त्यांचे.

"कोणाले सांगू नको एवढ्यात," त्या म्हणाल्या. "तुह्याशी तो बोलून राह्यला वं. आमी जन्मभर मागतो अन् तुले न मागता भेटलं."

मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला. दोन्ही सांगायला हवं.

शाळेत

शाळेत पाचव्या तासाला मी फळ्यावर लिहीत होते. वास आला. या वेळी तो मागे उभा राहणारा पुढे आला, एवढंच आठवतं. फळा आणि मी यांच्यामध्ये.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर कुशीवर होते. तोंडात रक्ताची चव, जीभ चावली गेली होती. साडी ओली झालेली. कोणीतरी कांदा फोडून आणला होता, कोणी चप्पल हुंगवा म्हणत होतं, शिपायानं चमचा धरला होता. माझ्या डोक्याखाली आपली ओढणी घालून आमच्या शाळेतल्या शबाना मॅडम बसल्या होत्या आणि सगळ्यांवर ओरडत होत्या, "तोंडात काही घालायचं नाही! दूर व्हा, हवा येऊ द्या!" त्यांच्या धाकट्या भावाला फिट येते हे मला पुढे कळलं. त्यांनी मुलींना बाहेर काढलं, माझ्या ओल्या साडीवर एका मुलीची ओढणी गुंडाळली आणि रिक्षात माझ्यासोबत बसल्या. वाटेत मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते म्हणे, "तो गेला काय?"

"कोण, मॅडम?"

त्यावर मी पुन्हा तेच विचारत होते म्हणे.

डॉक्टरांनी विचारलं

बुलढाण्याला स्कॅन झालं. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म पाहून अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. भाड्याच्या गाडीनं निघालो. वाटेतलं अमडापूर मागे पडलं. सुधाकर एकदम म्हणाले, "काही नसन. उन्हानं झालं असन." मी हो म्हटलं. दोघांनाही ते खोटं माहीत होतं.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होते. फिल्म बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "याआधी कधी वास यायचा? तिथं नसलेला?"

मी सुधाकरकडे पाहिलं. "येत होता."

"पोटातून भीती?"

"हो."

"कोणी मागे उभं आहे असं?"

ताप आहे का, भूक लागते का, तशा आवाजात विचारलं त्यांनी. मला रडू फुटलं. एवढे दिवस जे मी पदराआडच्या दिव्यासारखं झाकून ठेवलं होतं ते या माणसाला आधीच माहीत होतं. हलकं वाटलं आणि लुटल्यासारखंही वाटलं.

सुधाकर खुर्चीत पुढे सरकले. "तुह्या मांगं कोण उभं राह्यत होतं? मले काऊन नाही सांगितलं?"

डॉक्टरांनी फिल्मवर बोट ठेवलं. उजव्या कानाच्या वर, आत, एक बारीक गोल, त्याच्याभोवती धुरकट सूज. जंताची गाठ. न धुतलेल्या पालेभाजीतून अंडी पोटात जातात, रक्तातून फिरत फिरत मेंदूत जाऊन बसतात. तिथं झालेली गाठ सुकायला लागली की सूज येते आणि फिट येते. आपल्या भागात पुष्कळांना होतं, गोळ्यांनी बरं होतं, ते म्हणाले.

"पण साहेब," मी म्हटलं, "तो मला न वाचलेली ओळ सांगत होता."

ते हसले नाहीत. "तुमचा डोळा पुढे गेलेला असतो. मेंदूनं ओळ उचललेली असते, फक्त तुम्हाला कळवलेलं नसतं. त्या जागी बिघाड असला की स्वतःचाच विचार बाहेरून आल्यासारखा ऐकू येतो."

हे पटण्यासारखं होतं. मी मान हलवली. पण बाहेर आल्यावर बाकावर बसले आणि वाटलं, एका अळीशी बोलत होते मी एवढे दिवस?

घर

दवाखान्यात भरती व्हायच्या आधी दोन रात्री घरी काढल्या. सासूबाई आमच्याकडेच असतात. देवळात कधी न जाणारी, चर्चचा रविवार न चुकवणारी बाई, पण त्यांनी माझ्यावरून मीठ-मिरची ओवाळून परसातल्या चुलीत टाकली. मी विचारलं तर म्हणाल्या, "माह्या आईनं शिकवलं, थे काही जात नाही." मग पुस्तकांकडे बोट दाखवून त्यांनी सुधाकरला विचारलं, "इतकं रडगाणं काऊन वाचते हे? रोज मेल्या माणसाचं ऐकलं तं मेलेलं घरात येणार नाही काय?"

सुधाकरनी माझी सगळी पुस्तकं, गुरुजींच्या टिपणांसकट, लोखंडी कपाटात कोंबली आणि किल्ली खिशात घातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. फक्त कपाटाचं दार लावलं. मला वाटलं त्यांनी मलाच आत कोंडलं.

संध्याकाळी कमलताई आल्या. पाणीही घेतलं नाही.

"गोळ्या घेऊन राह्यली म्हणे तू?"

"डॉक्टर म्हणतात गाठ आहे."

"गाठ असन. पण देवानं गाठीतून बोलू नये असं कोठी लिहिलं आहे? एकडाव बंद झालं तं पुन्हा येणार नाही तो. इचार कर."

हे बोलणं मला अजूनही मूर्खपणाचं वाटत नाही. माझ्याही मनात तेच होतं. त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं म्हणून सुधाकर उठून उभे राहिले.

"ताई, हिची जीभ तुटता तुटता राह्यली. तुमच्या देवाले सांगा, बोलाचं असन तं माह्याशी बोल." एवढं म्हणून ते बाहेर जाऊन मोटरसायकलपाशी उभे राहिले. किल्ली फिरवली नाही, कुठे गेले नाहीत. खिडकीतून मला त्यांची पाठ हलताना दिसत होती.

मी सकाळी बॅग भरली.

अकोल्यातल्या दुपारी

भरतीचे पहिले दिवस सांगण्यासारखे नाहीत. सकाळी रक्त, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग लांबच लांब दुपार. सूज उतरायच्या औषधानं भूक अशी लागायची की शेजारच्या खाटेवरच्या बाईचा डबा उघडला की माझे डोळे भरायचे. ती बाई शेगावची होती, तिथं तिचं फुलांचं दुकान. तिला लकवा झालेला, बोलताना शब्द सापडायचा नाही. तिच्या सुनेनं दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी एक भाकरी जास्त आणायला सुरुवात केली. स्टीलच्या झाकणावर भाकरी, त्यावर ठेचा. आजारपणात माणसाला कशानं जगावंसं वाटतं ते सांगता येत नाही. मला त्या भाकरीनं वाटलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की जंताचं औषध सुरू झालं की गाठ फुगते आणि काही दिवस त्रास वाढतो. घाबरू नका. पण त्रास म्हणजे काय होईल ते कोण सांगणार?

ती दुपार. सुधाकर खाली औषध आणायला गेले होते. वॉर्डात सगळे झोपलेले, पंखा फिरत होता, खिडकीतून पांढरं ऊन जमिनीवर पडलेलं. वास आला. या वेळी भीती आली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. तो डावीकडे येऊन उभा राहिला. माझ्या हातात पुस्तक नव्हतं. वाचायला काहीच नव्हतं. आणि तो बोलला. पहिल्यांदाच दुसरी ओळ नाही, पहिली.

"तुझ्या घरात मी तुझ्याआधी आलो."

एवढंच. आणि थांबला.

मला कळलं की पुढची ओळ मी म्हणायची आहे. गुरुजी वर्गात थांबायचे तसा तो थांबला होता. मी शोधत होते. डोक्यात सगळे शब्द होते, एकही लागत नव्हता. शेजारची बाई माझ्या दिशेनं पाहत होती. तिचे डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या खांद्याच्या जरा मागे होते. तिचे ओठ हलले, पण तिला तर शब्दच सापडत नव्हते. जमिनीवरचं ऊन सरकत नव्हतं. तो थांबूनच होता. मी ओळ म्हटली असती तर काय झालं असतं, हे मला आजही माहीत नाही.

मग फिट आली. जाग आली तेव्हा हाताला सलाईन होतं आणि सुधाकर माझे तळपाय चोळत होते. शेजारची बाई दुसऱ्या कुशीवर वळून झोपली होती. तिनं काय पाहिलं, हे मला कधी विचारता आलं नाही. डॉक्टरांनी औषध वाढवलं. त्यानंतर तो आला नाही.

गुरुजी

दोन दिवसांनी गुरुजी बसनं चिखलीहून आले. त्यांना चालताना धाप लागते. स्टुलावर बसले, पिशवीतून दोन मोसंब्या काढून ठेवल्या आणि गप्प बसले. पहिल्यांदा मला वाटलं प्रार्थना करतायत. नव्हते करत. नुसते बसले होते. राखेत बसलेल्या त्या माणसाजवळ त्याचे मित्र कितीतरी दिवस असेच काही न बोलता बसतात, आणि गुरुजी वर्गात म्हणायचे की त्यांनी केलेलं तेवढंच एक काम बरोबर होतं.

मी त्यांना ती ओळ सांगितली. "कुठली आहे ही, गुरुजी? कोणत्या गीतातली?"

त्यांनी पुष्कळ विचार केला. ओठांत काही पुटपुटले, बोटांवर कसला तरी हिशेब केला. मग मान हलवली. "आपल्याकडं नाही ही. मी तरी वाचली नाही."

"मग तो कोण होता?"

"मले नाही माहीत, बाई."

मला राग आला. आयुष्यभर शिकवलं या माणसानं आणि नेमकं हेच माहीत नाही? माझा चेहरा त्यांना कळला असावा.

"त्या राखेतल्या माणसाच्या पुस्तकात शेवटी देव कोणावर चिडते, आठवते काय? जो भांडला त्याच्यावर नाही. जे म्हणत होते का आमाले सगळं माहीत आहे, त्यांच्यावर." त्यांनी मोसंबी सोलायला घेतली. "कमल म्हणते देव होता. डॉक्टर म्हणतात जंत होता. डॉक्टरचं ऐक, गोळ्या घे. बाकीचं मी सांगू शकत नाही. तू सांगू शकत नाही. एवढं सोडून देता आलं तं झोप येईन."

सुधाकर दाराशी उभे राहून हे ऐकत होते. गुरुजींना बसपर्यंत सोडायला ते गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "पुढच्या फेरीत टिपणं आणतो तुही. वाचजो. पण माह्यासमोर वाचजो."

नंतर

गोळ्या अजून सुरू आहेत. अर्धं वर्ष माझा चेहरा सुजलेला होता, वर्गातल्या मुली ओळखत नव्हत्या. बारीकसारीक गोष्टीवर मी सुधाकरवर खेकसायची, त्यातलं किती औषधाचं आणि किती माझं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. त्यांनी सहन केलं, कधी कधी नाही केलं. पालेभाजी आता सासूबाई तीन पाण्यांनी धुतात आणि धुताना तिला शिव्या देतात. अभ्यासक्रमाच्या परीक्षेचा पेपर मी उशिरा दिला आणि पास झाले. कमलताई वर्गात माझ्यापासून लांब बसतात. नमस्कार करतात, पण हात धरत नाहीत.

ज्यांच्या घरात हे आहे त्यांना एवढंच सांगते. फिट आली तर माणसाला कुशीवर करा, तोंडात काही घालू नका. आणि त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं ते विचारा. हसू नका आणि पायाही पडू नका. मग त्याला दवाखान्यात न्या.

मागच्या तपासणीला मी एकटी गेले होते. स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर एक तरुण सून बसली होती, वरवट बकाल गावची. नवी कोरी साडी, जिभेला जखम. तिची सासू दोन हात अंतर सोडून बसली होती. डॉक्टरकडे आणायच्या आधी तिला कुठे कुठे फिरवलं होतं ते तिच्या मनगटावरच्या दोऱ्यांवरून कळत होतं. मी माझं सांगितलं. थोडक्यात, वासापासून. तिला जे आहे ते माझ्यासारखंच असेल असं नाही, हेही सांगितलं.

तिनं सासूकडे पाहिलं आणि माझ्याकडे सरकली. "तुमच्या मांगंही कोणी उभं राह्यत होतं काय?"

"हाव."

"अन् आता?"

"आता नाही."

ती थोडा वेळ साडीचा काठ ओढत राहिली. मग अगदी हळू विचारलं, "मंग थो गेल्यावर करमते काय तुमाले?"

हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, सुधाकरनी नाही, गुरुजींनीही नाही.

"पयले नव्हतं करमत," मी म्हटलं. "लय दिवस नव्हतं. आता करमते."

तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. अंगावरचं सगळं धातूचं काढा, आतला माणूस म्हणाला. तिनं कानातले काढले, जोडवी काढली. मंगळसूत्राशी हात थांबला. सासूनं हात पदरात घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं. पोरीनं मंगळसूत्र काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. "धरता काय?" असं म्हणून ती आत गेली आणि जड दार लागलं.

आतून ठोके सुरू झाले. मणी माझ्या हातात अजून गरम होते. बऱ्याच वेळानं ती सासू बाकावरून सरकत सरकत माझ्याजवळ आली. माझ्या बंद मुठीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"निघन ना वं पोरगी बाहेर?" तिनं विचारलं.

"निघते," मी म्हटलं.

तिनं पदरातून एक हात काढला आणि माझ्या मुठीवर ठेवला. आम्ही दोघी दाराकडे पाहत बसलो.